दत्ताला पत्र : आधी गाडीची जागा नोंदव

सोलापूर,
२३ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. लेकीनं वाढदिवसाला हातात धरायचं जीपीएस (उपग्रहांवरून आपली जागा सांगणारं यंत्र) दिलं, तू दोन संध्याकाळी हॉलमध्ये बसून सगळी बटणं दाबलीस, पडद्यावर उपग्रह शोधतोय एवढंच दिसत राहिलं, आणि आता ते परत करायचं म्हणतोस. परत करू नको बे! यंत्रात काही बिघाड नाही. माझ्याकडंही हेच गार्मिनचं ई-ट्रेक्स १० आहे आणि सहा वर्षं मी ते वापरतोय. फोनवर मी तीन वाक्यं बोललो की तू मध्ये शिरतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. सावकाश वाच.

पहिलं काम म्हणजे ते घेऊन गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीपासून आणि जिन्याच्या खोलीपासून लांब, जिथं डोक्यावर चहूबाजूंनी आभाळ दिसतं तिथं कठड्यावर ठेव आणि वीस मिनिटं हलवू नकोस. हे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून येणारा संदेश खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की स्लॅबमधून आत येतच नाही. पहिल्यांदा वेळ जास्त लागतो, कारण कुठला उपग्रह कधी कुठं असतो याचं पंचांग यंत्राकडं नसतं. ते पंचांग उपग्रहच हळूहळू पाठवत असतात आणि पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. एकदा ते आलं की दुसऱ्या दिवशी मिनिटभरात जागा सापडते. यंत्र दोन-तीन महिने कपाटात राहिलं तर मात्र पुन्हा धीर धरावा लागतो.

आता तू विचारलंयस की निदान चार उपग्रह का लागतात, तीन का पुरत नाहीत. हे मला समजलं तेव्हा इतका आनंद झाला होता की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या लहानपणचे मिलचे भोंगे आठव. लक्ष्मी-विष्णूचा, नरसिंग गिरजीचा. समज, सगळे भोंगे बरोबर सातच्या ठोक्याला वाजतात, आणि तू घरी घड्याळ घेऊन बसलायस. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक भोंगा तुला तीन सेकंद उशिरा ऐकू आला, म्हणजे ती मिल तुझ्यापासून एक किलोमीटरवर. गावाच्या नकाशावर त्या मिलभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढ. दुसऱ्या भोंग्याचं दुसरं वर्तुळ, तिसऱ्याचं तिसरं. तिन्ही जिथं एका ठिकाणी छेदतात तिथं तुझं घर. पण तुझं घड्याळच दोन सेकंद पुढं असेल तर? प्रत्येक वर्तुळ चुकीचं येणार आणि ती एका ठिकाणी भेटणारच नाहीत. तरी जागा शोधता येते. घड्याळ किती मागं-पुढं केलं म्हणजे तिन्ही वर्तुळं एका जागी येतात ते शोधायचं, की जागाही मिळते आणि घड्याळही बरोबर लागतं. उपग्रहात अतिशय अचूक अशी अणुघड्याळं असतात, आपल्या हातातल्या यंत्रात साधं क्वार्ट्झचं. आणि इथं आवाजाऐवजी प्रकाशाच्या वेगानं जाणारा संदेश आहे, त्यामुळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. गावाच्या सपाट नकाशावर तीन भोंगे पुरतात, पण यंत्राला उंचीही शोधायची असते, म्हणून चौथा उपग्रह. तुझ्या यंत्राला अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही ऐकू येतात. सेटअपमध्ये जाऊन दोन्ही चालू कर.

सेटअपमध्ये आहेसच तर अजून दोन गोष्टी पाहून घे. सेल कुठले घातलेस ते तिथं सांगावं लागतं, साधे अल्कलाइन की चार्जिंगचे, नाहीतर बॅटरीची खूण खोटं दाखवते आणि रानात ऐनवेळी यंत्र बंद पडतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, जागा दाखवण्याची पद्धत. हिच्यात माझी एक सबंध सकाळ गेली होती.

झालं असं की एका ओळखीच्या गृहस्थांनी जुन्या बारवेची जागा चिठ्ठीवर लिहून दिली: १७ ४०, ७५ ५४. मी ते १७.४० आणि ७५.५४ असं यंत्रात भरलं आणि निघालो. बाण नैर्ऋत्येला, अंतर जवळजवळ ४८ किलोमीटर! गृहस्थ तर म्हणाले होते गावालगतच आहे. तरी मी बाणावर विश्वास ठेवून मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारीच्या शिवारांत जाऊन पोचलो. तिथं बारव कुठली असणार! चिठ्ठीतले आकडे अंश आणि मिनिटं होते. एका अंशात साठ मिनिटं असतात, तेव्हा १७ अंश ४० मिनिटं म्हणजे दशांशात १७.६६६६७, आणि ७५ अंश ५४ मिनिटं म्हणजे ७५.९. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, त्यामुळं ही गल्लत शंभर-दोनशे मीटरची होत नाही, माणूस थेट दुसऱ्या तालुक्यात जातो. तेव्हापासून कुणीही आकडे दिले की मी आधी विचारतो, दशांशात आहेत की मिनिटांत. तू दशांशच ठेव, मोबाइलच्या नकाशातही तेच चालतात. आणि 'डेटम' (म्हणजे आकडे ज्या पायावरून मोजतात तो) विचारलं तर डब्ल्यूजीएस ८४ निवड. आपल्या जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांचा (सोलापूरच्या नकाशाचा क्रमांक ४७ ओ) पाया वेगळा, एव्हरेस्ट नावाचा आहे. त्यावरून आकडे काढून तसेच भरलेस तर जागा शंभर मीटरहून जास्त सरकते.

आता मुख्य गोष्ट. हे पत्र मी खरं तर हिच्यासाठीच लिहायला घेतलं.

पहिल्या वर्षी डिसेंबरात मी नान्नजच्या बाजूला, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या माळावर गेलो होतो. धाविक पक्षी दिसतात म्हणून ऐकलं होतं. बार्शी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं आत गेलो, एका बाभळीखाली मोटरसायकल लावली आणि यंत्र चालू करून खिशात टाकलं. धाविक दिसले, एक भोवत्या पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत गेला, लांबवर काळविटांचा कळप उभा राहिला. मी बघत बघत पुढं जात राहिलो. सूर्य कलला तेव्हा मागं वळलो आणि माझ्या पोटात गोळा आला. आपला माळ तू पाहिलेला आहेस. मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी गवत, आणि शंभर बाभळी, सगळ्या सारख्या. कुठल्या बाभळीखाली गाडी आहे?

यंत्र बाहेर काढलं. माझी जागा पडद्यावर होती, पाच आकडी दशांशापर्यंत. पण गाडीची जागा मी त्याला सांगितलीच नव्हती. मग निदान दिशा तरी कळावी म्हणून एका जागी उभा राहून होकायंत्रासारखं ते फिरवत राहिलो. बाण एकदा इकडं, एकदा तिकडं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की आपल्या या यंत्रात चुंबकीय होकायंत्र नसतं. आपण चालतो, जागा बदलते, त्या बदलावरून ते दिशा काढतं. उभं राहिलं की त्याला दिशाच नसते. दहा-पंधरा पावलं सरळ चाललं की बाण स्थिर होतो.

अंधार पडता पडता एक धनगराचं पोरगं मेंढरं घेऊन निघालं होतं. ते म्हणालं, "गाडी व्हय? तिकडं हाय की, नाल्याच्या अल्याड." मी अगदी उलट्या बाजूला चाललो होतो. त्या पोराचे मी किती आभार मानले!

नंतर घरी येऊन पाहिलं तर यंत्रानं माझी सगळी वाट ठिपक्या-ठिपक्यांनी नोंदून ठेवली होती. 'ट्रॅकबॅक' म्हणून एक सोय असते, त्यानं गेल्या वाटेनं परत आणलं असतं. उत्तर दिवसभर माझ्या खिशात होतं आणि ते विचारायचं कसं हे मी शिकलोच नव्हतो. म्हणून तुला कळकळीनं सांगतो, गाडीवरून उतरलास की हेल्मेट काढायच्याही आधी समोरची ती छोटी दांडी दाबून धर. जागा नोंदायचं पान उघडतं. यंत्र आपलं आपण ००१, ००२ असे आकडे देतं, ते बदलून गाडीसाठी कायम एकच नाव ठेव. आणि नोंदण्याआधी उपग्रहांच्या पानावर अचूकता किती आहे ते पाहा. मोकळ्यावर तीन ते पाच मीटर येते. तीस मीटर दाखवत असेल तर दोन मिनिटं थांब. उंचीच्या आकड्यावर फार विसंबू नकोस, आडव्या जागेपेक्षा त्यात चूक बरीच जास्त असते.

अजून एक. परत येताना बाण नाकासमोरची सरळ रेघ दाखवतो. मधला नाला, काटेरी तार, कुणाचं तुरीचं रान, यांतलं काही त्याला ठाऊक नसतं. बाणाकडं बघत चालू नकोस. बाण बघ, त्या दिशेचं एखादं झाड हेर, यंत्र खिशात टाक आणि झाडाकडं चाल.

हे सगळं शिकायला मात्र माळावर जाऊ नकोस. ओळखीच्या जागेत शिक. मी त्या प्रसंगानंतर काय केलं सांगतो. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली आपली ६८ लिंगं नोंदायला घेतली. दरवर्षी १३ जानेवारीला नंदीध्वज ज्यांच्या तैलाभिषेकाला फिरतात तीच. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली, पण एकेकटं जाऊन सगळी शोधेन असं कधी वाटलं नव्हतं. यंत्रात मराठी लिहिता येत नाही म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिला. रविवारी सकाळी चार-पाच. जागा डोळ्यांसमोर असते, त्यामुळं यंत्र कुठं आणि किती चुकतं ते लगेच कळतं. एका बोळातल्या लिंगाची नोंद मी दोन वेगळ्या दिवशी केली तर दोन्हींत १८ मीटरचं अंतर! दुसरी नोंद समोरच्या घराच्या स्वयंपाकघरात पडत होती. दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून संदेश येतो, त्याला लांबचा फेरा पडतो, आणि यंत्र तेवढं अंतर जास्त धरतं. मग मी तिथं चार वेळा नोंद घेऊन सरासरी काढायला शिकलो. घरी आलं की केबलनं संगणकाला जोडायचं, जीपीएक्स नावाची फाइल निघते, ती गूगल अर्थमध्ये उघडली की सगळं गाव ठिपक्यांनी भरलेलं दिसतं. आईला दाखवलं तर ती पडद्याला हात लावून नमस्कार करत बसली.

मोबाइल असताना हे कशाला, असं तुझे शेजारी विचारतीलच. मलाही विचारतात. मे महिन्यात आपल्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही आणि तापून तो बंदही पडतो. या यंत्राचा काळा-पांढरा पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो, आणि दोन पेन्सिल सेलवर वीसेक तास चालतं. खेड्यातल्या किराणा दुकानातही सेल मिळतात. आणि हे फक्त ऐकतं, कुणाला काही कळवत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं वेगळी, ती आपल्याकडं परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नकोस.

एक विनंती आहे, आणि ही मी मनापासून करतोय. माळावर एखादं घरटं दिसलं, लांडग्याची गुहा दिसली, तर तिची जागा नोंदूच नकोस. नोंदलीस तर कुणाला देऊ नकोस, ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. आकडे एकदा बाहेर गेले की पुढच्या रविवारी तिथं दहा कॅमेरे पोचतात. माळढोकासाठी ओळखला जाणारा हा माळ, आणि आज तो पक्षी दिसणंच दुर्मिळ झालंय. आपण निदान उरलेल्यांच्या वाटेला जाऊ नये.

माझी ४१ लिंगं झालीत, २७ राहिलीत. मुद्दाम ठेवलीत. तू सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येणारच आहेस, दोन दिवस आधी ये. सकाळी थंडीत निघू, एक यंत्र तुझं, एक माझं, दोन्हींचे आकडे ताडून पाहू. तोवर रोज गच्चीवर जा, घरापासून भाजी मंडईपर्यंत वाट नोंद, आणि मंडईतून ट्रॅकबॅकनं घरी ये. चार्जिंगचे चार सेल आण, इथं माझ्याकडं दोनच जादा आहेत.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. शेंगा चटणी वेगळी पाठवतोय.

तुझा,
शिवा