यादीतलं तुझं नाव

प्रिय शालू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. स्टँडजवळच्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध तुमच्या गावातल्या बायका सह्या गोळा करतायत, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस, ‘मी ना इकडची ना तिकडची, जे होईल ते घरात बसून बघेन.’ शालू, या मतदानात अशी मधली जागाच नाही गं.

हिशेब नीट बघ. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे आधी २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान. उभी बाटली की आडवी बाटली: उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली करावी लागते, आणि हे निम्मं यादीतल्या सगळ्या बायकांचं धरतात, आलेल्यांचं नाही. समज, यादीत १,२०० नावं आहेत. ७५० जणी आल्या, त्यातल्या ५९० जणींनी आडवी केली, तरी दुसऱ्या दिवशी दुकान उघडणार. ६०१ पाहिजेत.

आमच्याकडे हेच झालं. आडव्या बाटलीचा गठ्ठा कितीतरी मोठा होता, आणि फटाके मात्र दुकानाच्या माणसांनी उडवले. न आलेल्या सगळ्या त्यांच्याच पारड्यात पडल्या. त्यातल्या कित्येकींच्या घरात रोज रात्री भांडी आदळतात, याचं मला अजून फार वाईट वाटतं.

तुझी अडचण मला कळते. दुकान भावकीतलं, त्यात उसनवारी. सह्यांची पडताळणी होते, कोणी केली ते गावाला कळतं. नको करूस सही, मी रागावणार नाही. मत मात्र गुप्त असतं. ते कोणाला दिलंस, हे भाऊजींनाही कळणार नाही.

भाऊजी चंद्रपूरचं उदाहरण देतात, ते खोटं नाही. २०१५ साली जिल्ह्यात बंदी आली आणि चोरटी विक्री थांबेना म्हणून २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. चोरून विकणारे तुमच्याकडेही येतील, त्यांच्यावर पुढे बायकांनाच नजर ठेवावी लागेल. तरी शाळेच्या वाटेवर परवाना टांगून सकाळपासून उघडं असलेलं दुकान मला जास्त घातक वाटतं. पोरं ते रोज बघतात.

आणि एक काम तुला कोणाच्या डोळ्यावर न येता करता येईल. मतदार यादी काढून वाच. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या म्हाताऱ्या यांची नावं तशीच राहतात, आणि त्यातलं प्रत्येक नाव एकूण आकडा फुगवतं. ती कमी करायला नमुना ७ हा अर्ज भरून बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, द्यायचा असतो. तुझ्या नणंदेचंही नाव अजून तिथेच असेल, तर तिला सुरतेत नोंदवून घ्यायला सांग. हे मतदानाच्या बरंच आधी व्हायला हवं, ऐनवेळी जमत नाही.

तारीख लागली की लगेच कळव. मला तिथे मत नाही, पण मी आदल्या दिवशी येते. तुझ्या सासूबाईंना आणि आळीतल्या चालवत नाही अशा बायकांना केंद्रावर न्यायला रिक्षा लागेल, ती मी ठरवीन.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
मनी