कणकुंबीला ऑगस्टात शून्य पाऊस

खानापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. ‘क्रॅन’साठी, म्हणजे ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेतली पॅकेजं जिथं सगळ्यांसाठी ठेवतात त्या भांडारासाठी, तू तुझं पॅकेज तपासलंस आणि ‘एक एरर, दोन वॉर्निंग, चार नोट, सोडूनच देतो आता’ असं म्हणालास. फोनवर नीट बोलता आलं नाही, मागे पाहुण्यांचा गोंधळ होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. चिकोडी भागातल्या ऊसाच्या पीककापणी प्रयोगांवर तू तीन वर्षं घालवलीस. नमुन्यातल्या प्लॉटवरून तालुक्याचं सरासरी उत्पादन कसं काढायचं, त्याची चूकमर्यादा किती, हे सगळं ‘आर’मध्ये इतकं नेटकं बसवलंस. ते पॅकेज तुझ्या लॅपटॉपमध्ये कुजून चालायचं नाही.

तू पाठवलेली लॉग फाइल संध्याकाळी दोनदा वाचली. तू फक्त एरर धरून बसलास आणि नोटांकडे पाहिलंच नाहीस, खरी अडचण तिथेच आहे. एरर काय म्हणते? ‘प्लॉट_यादी’ नावाची वस्तू सापडत नाही. आता चारपैकी पहिली नोट पाहा. तीच ‘प्लॉट_यादी’ या फंक्शनमध्ये वापरली आहे, पण ती कुठे ठरवली ते दिसत नाही, असं तिचं म्हणणं. दुखणं एकच आहे रे. नोटेनं कोड नुसता वाचून सांगितलं, एररनं तो चालवून सांगितलं.

मग तुझ्याकडे ते रोज कसं चालत होतं? आर बंद करताना ‘वर्कस्पेस जतन करू का’, म्हणजे आत्ता लोड असलेलं सगळं पुढच्या वेळेसाठी ठेवू का, असं विचारतं, आणि तू दर वेळी हो म्हणतोस. मागे तुझ्या घरी आलो होतो तेव्हा पाहिलंय मी. दोन वर्षांपूर्वी कधीतरी तू ती यादी हातानं लोड केली असणार. तेव्हापासून ती दर सकाळी आपोआप हजर होते, आणि तुझं फंक्शन गुपचूप तिच्यावर जगतं. तपासणी मात्र कोरं, नवं आर उघडते. तिथं जुनं काही शिल्लक नसतं. यादी पॅकेजच्या डेटामध्ये घाल, नाहीतर फंक्शनला रीतसर द्यायला लाव. आणि ते वर्कस्पेस जतन करणं आजच बंद कर. एवढं केलंस की एरर आणि ती नोट दोन्ही एकदम जातील.

दोन वॉर्निंगांपैकी एक अशीच आहे. टेस्टमध्ये तू ‘डीप्लायर’ हे दुसरं पॅकेज बोलावलंस, पण कुठली पॅकेजं लागतात ते सांगणाऱ्या डिस्क्रिप्शन फाइलमध्ये त्याचं नाव नाही. तुझ्या मशीनवर ते आधीच बसवलेलं, म्हणून कधी अडलं नाही. ज्याच्याकडे ते नसेल त्याच्याकडे सगळं कोसळेल.

मर्दा, हे मी पंडिताच्या तोऱ्यात सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात माझंही पावसाच्या नोंदींचं पॅकेज तपासणीत अडकलं होतं, आणि त्यात जे शिकलो ते तुला आजवर सांगितलंच नव्हतं.

माझा डेटा तुला ठाऊक आहे. कणकुंबी, जांबोटी आणि खानापूर, तिन्हीकडचा रोजचा पाऊस. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला जुलै-ऑगस्टात छत्रीचा काही उपयोग नसतो. पॅकेज माझ्या मशीनवर तपासलं तर एकदम स्वच्छ. मग एका विद्यार्थ्याला म्हटलं, तुझ्याकडे चालवून बघ की. त्यानं रात्री कळवलं: सर, टेस्ट नापास, कणकुंबीचा ऑगस्ट २०१९ चा एकूण पाऊस शून्य येतोय.

ऑगस्ट २०१९! त्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. तुझ्याकडे कृष्णेचं पाणी आणि इकडे मलप्रभेचं. त्या महिन्यापुढे शून्य हा आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला.

दोन रात्री मी बेरजेचं फंक्शन उसवत बसलो. एकेक ओळ तपासली. फंक्शनमध्ये काहीच चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या पोराला मशीन घेऊनच बोलावलं, आणि त्याच्या शेजारी बसून डेटा पहिल्या पायरीपासून एकेक पायरी छापत गेलो. दुसऱ्याच पायरीला सापडलं. फाइल वाचली तोपर्यंत नोंदी ठीक होत्या; तारखा बदलून घेतल्या आणि सगळा तारखांचा रकाना रिकामा, नुसते ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’ची खूण.

कारण ऐक. नोंदवहीतल्या तारखा ‘12-Aug-2019’ अशा, महिना इंग्रजी तीन अक्षरांत. आर अशी तारीख वाचताना महिन्याची नावं स्वतःच्या मनानं ठरवत नाही, मशीनच्या लोकेलला, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगला, विचारतं. माझं मशीन इंग्रजीत. त्या पोराचं लिनक्स त्याच्या भावानं कन्नडमध्ये बसवलेलं, शाळेचं शिक्षण कन्नडमधलं, त्याला तेच सोयीचं. तिथं आर त्या तीन अक्षरांत कन्नड महिना शोधत होतं. सापडला नाही, म्हणून तारीख ‘एनए’. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. पुढे महिन्याप्रमाणे निवड करताना त्या ओळी गळल्या, आणि बेरजेत मी ‘एनए वगळा’ असं आधीच लिहून ठेवलेलं. रिकाम्या रकान्याची बेरीज शून्य.

घरात मराठी, तहसीलच्या उताऱ्यावर कन्नड, कॉलेजच्या फळ्यावर इंग्रजी, असा आपला जन्म गेला. एका गावाचं नाव तीन पाट्यांवर तीन तऱ्हांनी वाचत मोठे झालो आपण. तरी कोड लिहिताना मी गृहीत धरलं की सगळ्या जगात महिन्याला ऑगस्टच म्हणतात. हे मला फार लागलं. ते पॅकेज ज्यांच्यासाठी लिहिलं, म्हणजे इथलीच पोरं, इथल्याच कचेऱ्या, त्यांच्याच मशीनवर ते गप्प राहून खोटं बोललं असतं.

उपाय सोपा निघाला. आरमध्ये इंग्रजी महिन्यांच्या लघुनावांची एक कायमची यादी असते, ती कुठल्याही लोकेलमध्ये बदलत नाही. तारखेतली तीन अक्षरं त्या यादीत शोधायची, महिन्याचा क्रमांक घ्यायचा आणि आकड्यांतूनच तारीख बनवायची. शिवाय एक नवी टेस्ट घातली. तारखा बदलल्यावर एक जरी नवा ‘एनए’ उगवला तर तिथंच थांबून ओरडायचं. आणि तो ‘एनए वगळा’ मी सगळीकडून काढला. जिथं नोंद खरंच नाही तिथं आता वगळलेल्या दिवसांची संख्या निकालासोबत छापली जाते. हा बदल तूही कर. तुझ्या पीककापणीतही न झालेले प्रयोग आणि शून्य उत्पादन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी गाठ भाच्याच्या मॅकवर सुटली, त्याचा ॲपलच्या एम१ चिपचा आहे. माझी एक टेस्ट होती: ०.१ मिलिमीटरच्या दहा नोंदींची बेरीज बरोबर १ आली पाहिजे. माझ्या इंटेलच्या मशीनवर पास, त्याच्याकडे नापास. त्याच्याकडे उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९. तुला माहीतच आहे, ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत लिहिताच येत नाही, थोडी कसर उरतेच. इंटेलवर आर बेरीज करताना ८० बिटांची जास्त रुंद जागा वापरतं, त्यामुळे कसर शेवटी पूर्णांकात मिटून जाते. एम१ वर ती जास्तीची रुंदी नाही, सगळं ६४ बिटांतच. दोन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर. चूक माझी, मी दशांशांना ‘अगदी समान’ची अट घातली.

थोडी सूट देऊन तुलना केली की टेस्ट पास होते, आणि पुष्कळ जण तिथंच थांबतात. मी थांबलो नाही, कारण हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ मोजतं. तासातासाच्या नोंदींची बेरीज केसभर खाली आली तर एका मशीनवर तो पावसाचा दिवस आणि दुसऱ्यावर कोरडा! म्हणून मी आता पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागांत, पूर्णांकातच साठवतो. २५ म्हणजे २५. तुझी वजनं किलोत दशांशासह आहेत, ती ग्रॅममध्ये ठेवलीस तर तुझाही हा प्रश्न मिटेल.

वेळेचंही तसंच. कणकुंबीचा स्वयंचलित मापक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद नोंदवतो, आणि मी तारीख काढताना वेळेचा पट्टा (टाइम झोन) लिहिला नव्हता. रात्री दोनचा पाऊस इथं बारा तारखेचा, आणि युरोपातल्या मशीनवर अकराचा. ‘एशिया/कोलकाता’ एवढं स्पष्ट लिहिलं, संपलं.

तुझी दुसरी वॉर्निंग देवनागरीची आहे. कोडमध्ये तू ‘आडसाली’, ‘खोडवा’ असे शब्द सरळ लिहिलेस. शब्द बदलू नकोस, ते आपले शब्द आहेत आणि उसाच्या पिकाला तेच लागू पडतात. फक्त कोडच्या फाइलमध्ये ते युनिकोड क्रमांकांच्या रूपात लिही, आणि डिस्क्रिप्शनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं पाहून घे. मदतपानांत देवनागरी ठेवायची तर फक्त एचटीएमएलपुरती ठेव, कारण पीडीएफ पुस्तिका करताना लॅटेक ही पुस्तिका जुळवणारी प्रणाली त्या अक्षरांवर अडते आणि मग तिसरीच एरर समोर येते.

उरलेल्या नोटांपैकी ‘नवं सबमिशन’ ही पहिल्या वेळी सगळ्यांनाच येते, तिची काळजी नको. घड्याळ पडताळता आलं नाही ही नोट बहुतेक वेळा आपल्या कोडची नसते, बाहेरच्या वेळ-सेवेशी जोडणी झाली नाही म्हणून येते. पुन्हा चालवून बघ. उदाहरणाला पाच सेकंदांहून जास्त लागल्याची नोट मात्र खरी आहे. सबंध जिल्ह्याऐवजी एक गाव घे उदाहरणाला.

आता कामाचा क्रम सांगतो, मी धरतो तसा. सरळ फोल्डर तपासू नकोस. आधी पॅकेज बांधून टार फाइल कर आणि ती ‘ॲज-क्रॅन’ पर्यायानं तपास, कारण क्रॅनकडे जाते ती तीच फाइल. तपासणीनंतर शेवटाला ‘आरचेक’ जोडलेल्या नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात ‘००इन्स्टॉल’ची फाइल आधी उघड, मग ‘००चेक’ची लॉग. नेहमी वरून पहिली तक्रार धर. खालच्या निम्म्या तक्रारी तिच्याच लेकी असतात. टेस्ट नापास झाली असेल तर टेस्टच्या फोल्डरात शेवटी ‘फेल’ असलेली फाइल मिळेल, तिथं पूर्ण हकीगत असते. एका वेळी एकच दुरुस्ती, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा पूर्ण तपासणी. मी एकदा पाच गोष्टी एकदम बदलल्या, आणि कशानं काय सुधारलं ते मला आजही सांगता येत नाही.

मग विन-बिल्डर या विंडोजवर तपासून देणाऱ्या सेवेवर टाक, आरच्या येऊ घातलेल्या आवृत्तीवरही. साधारण अर्ध्या तासात निकालाची मेल येते. क्रॅनवरचे लोक हे सगळं स्वयंसेवेनं करतात. तिथली हजारो पॅकेजं मोजकी माणसं सांभाळतात. त्यांच्याकडून परत आलंच तर मनाला लावून घेऊ नकोस. दुरुस्त कर, आवृत्तीचा क्रमांक वाढव, काय बदललं ते दोन ओळींत लिही आणि पुन्हा पाठव.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. मी पॅकेजच्या योगदान देणाऱ्यांत त्याचं नाव घातलं. तो म्हणाला, सर, मी काय केलं, नुसतं चालवून पाहिलं. मी म्हटलं, तू चालवलं नसतंस तर कणकुंबीचा तो महिना कोरडा राहिला असता.

तर उद्या एवढंच कर. वर्कस्पेस पुसून टाक, यादी डेटामध्ये घाल, पुन्हा तपास, आणि नवी लॉग मला पाठव. पूर्ण पाठव, कापून नको. तुझं पॅकेज मी माझ्याकडे चालवतोच, आणि त्या पोराच्या कन्नड मशीनवरही चालवून घेतो. पुढच्या शनिवारी बेळगावला येणार असशील तर मीही येतो. वहिनींना नमस्कार सांग. त्यांना आवडतो म्हणून येताना कुंदा घेईन.

तुझाच,
खानापूरचा मास्तर