सायकलचा दिवा रस्त्यावर पडावा, डोळ्यांत नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी रोज पहाटे साडेचारला सायकलला दोन कॅन लावून औशाला दूध घालतो. गेल्या थंडीत खोक्यावर ‘एक हजार लुमेन’ छापलेला दिवा घेतला. उजेड पार बाभळीच्या शेंड्यापर्यंत! समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपले, तो थेट माझ्या अंगावर आला. मी कडेला उतरलो, एक कॅन कलंडली आणि दूध मुरमात जिरलं. त्याला काही झालं असतं तर? हा विचार अजून जात नाही.

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो पडतो कुठे, हे त्या आकड्यातून कळत नाही. जर्मनीत सायकलच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, असा नियमच आहे. तिथल्या दिव्यांचा झोत वरून कापल्यासारखा असतो. दुकानात दिवा भिंतीवर मारून बघा. वरची कड सरळ, ठळक दिसली तर तो घ्या. नुसता गोल भपका दिसला तर ठेवून द्या. घेतलेला दिवाही किंचित खाली झुकवूनच बसवा.

आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून सेल काढून बदलता येणारा दिवा बरा. टायरला घासून वीज करणारा जुना बाटली डायनॅमो पायडल जड करतो आणि सायकल थांबली की दिवा विझतो.

मागचा लाल दिवा मात्र विसरू नका. आणि कारखान्यांना हात जोडून विनंती, उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावल्याशिवाय त्या रात्री रस्त्यावर सोडू नका.

— एक दूध उत्पादक, ता. औसा, जि. लातूर