शहागंजातल्या चाचांना

चाचा, सलाम.

मोबाइलवर चार ओळींच्या वर तुम्ही वाचत नाही, माहीत आहे. नातवाकडून वाचून घ्या. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चाय पी" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं चारचौघांत लिहितेय.

सेलूहून रेल्वेनं संभाजीनगरला आले तेव्हा एका हातात ड्रॉइंग बोर्ड होता आणि दुसऱ्या हातात पोत्यात गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर. चित्रकला महाविद्यालयात नंबर लागला म्हणून घरी पेढे वाटले होते. डीजे शिकायचंय हे मात्र आईनं शेजारच्यांना अजून सांगितलेलं नाही. आमच्याकडं डीजे म्हणजे वरातीपुढचा ट्रक, त्यावर भिंतीएवढे स्पीकर आणि मागून पोलीस. दोन तबकड्या हातानं जुळवत एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं यालाही डीजेच म्हणतात, हे सांगून सांगून मी थकले होते. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तर तुम्ही विचारलंच नाही. साडेतीन हजाराला घेतलेल्या माझ्या प्लेअरचं झाकण उचललं, थाळीला बोट लावलं आणि म्हणालात, "ये सुनने का है बेटा, खेलने का नै."

त्याची थाळी रबरी पट्ट्यावर फिरायची. हातानं थांबवली की पुन्हा वेग धरायला वेळ खायची. माझे पैसे गेले म्हणून मी रडायच्या बेतात होते. तेव्हा तुम्ही माळ्यावरून एका हॉटेलच्या बंद पडलेल्या डिस्कोतून भंगारात आलेली ती दोन धूड काढलीत. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, डीजे वापरतात ते रेकॉर्ड प्लेअर. हे मॉडेल १९७२ चं, त्याची ही एमके२ आवृत्ती १९७९ ची. पट्टा नाही, मोटर थेट थाळीखाली. रेडिओ-टेपच्या दुरुस्तीतून वेळ काढून दोन महिने तुम्ही ती उघडून बसलात. भाड्याचं विचारलं तर माझ्याकडं असं पाहिलंत की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

थाळी फिरत असताना वरची तबकडी धरून ठेवता यावी म्हणून खाली गुळगुळीत कापड लागतं. विकतचं मला परवडेना. चाचींनी फेल्ट कापून दिलं, वर म्हणाल्या, खळ लावून इस्त्री मार. पुढं वाचलं, की न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सत्तरच्या दशकात ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेनंही फेल्टला खळच लावली होती. चाचींना सांगितलं, तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिले तीन आठवडे तुम्ही मला बटणाला हात लावू दिला नाही. पैले सुन. केरव्याच्या आठ मात्रा टेबलावर बोटानं मोजायच्या, धा गे ना ति न क धि न, आणि गाणं कुठं पळतं, कुठं रेंगाळतं ते सांगायचं. मला वाटायचं, वेग कमीजास्त करायची पट्टी आहे की, आठ टक्के वर, आठ टक्के खाली. एकदा लावली की झालं. पण जुन्या फिल्मी गाण्यात सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे. त्यांचा ठेका माणसाचा, यंत्राचा नव्हे. अंतऱ्याला तो हळूच पुढं सरकतो आणि दोन गाणी एकमेकांच्या अंगावर चढतात. मग थाळीच्या कडेला नुसतं बोट टेकवायचं. मी दाबायचे. तुम्ही आतून ओरडायचात, "हल्लू, हल्लू!" त्याच आठवड्यात वर्गात सर माझी पेन्सिल धरून म्हणाले होते, हात हलका ठेव, कागद फाडायचाय का?

आणि ते टॉर्चचं. एक दिवस दुकानातले दिवे घालवून तबकडी तिरपी धरलीत आणि वर टॉर्च मारला. एकसारखी वाटणारी काळी चकती पट्ट्यापट्ट्यांची दिसली. जिथं वाद्यं गप्प होतात तिथं काळा दाट, जिथं गलबला तिथं फिका आणि चमकता. गाणं कुठं उघडतंय ते सुई न टेकवता दिसलं. कोळशानं छाया भरताना तोवर मी सगळं सारखंच काळं करत होते.

चित्रातल्या घागरीच्या तोंडाचं कोडंही तिथंच सुटलं. माझ्या लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना डोळ्यासारखे कोपरे यायचे, सर लाल रेघ मारायचे. तुमच्या स्टुलावर बसून फिरती थाळी बघत होते, मग खाली जमिनीवर बसले. वर्तुळ चपटं झालं, पण कोपरा काही आला नाही. खूप वेळ बसले. चाचींना वाटलं, चक्कर आली.

हॉस्टेलचं दार आठला बंद होतं. रोज पावणेआठला चाची ओढणी सावरत उठायच्या आणि फाटकापर्यंत सोबत यायच्या, गुडघे दुखत असताना. त्यांचे आभार वेगळे मानायला हवेत. तेव्हाही चहाच मिळेल.

आता थोडं कामाचं. डावीकडच्या मशीनची वेगाची पट्टी शून्याच्या खाली अडकतेय. मी उघडलेली नाही, शपथ. शनिवारी कॉलेज सुटलं की येते. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या सेलूहून आल्यात, त्याही आणते. एक तडकलेली आहे, ओरडू नका.

तुमची,
पोतंवाली