सोडून दिलेल्या पकडीबद्दल

आदरणीय वस्ताद,
सा. न. वि. वि.

लू थेझ हे नाव मला दारासिंगांमुळे ठाऊक होते. 1968 मध्ये मुंबईत त्यांनी ज्याला हरवले तो अमेरिकन मल्ल, एवढीच माझ्या लेखी त्याची ओळख होती. पुढे त्याचे एक जुने छायाचित्र पाहिले आणि त्यातले सुजून गोळा झालेले कान डोक्यातून जाईनात. व्यावसायिक फ्रीस्टाइलच्या कुस्त्या (ऑलिंपिकमधल्या नव्हेत) आधी ठरवूनच होतात, तर मग या माणसाचे कान कशाने असे झाले, असा तो साधा प्रश्न होता.

तो घेऊन मी आपल्याआधी दोघांकडे गेलो होतो. एका जाणकारांनी ‘नुरा कुस्तीचा कसला अभ्यास?’ असे म्हणून चारचौघांत हसे केले. दुसऱ्यांनी कात्रणे देतो असे सांगून पाच खेपा घालायला लावल्या आणि सहाव्या खेपेला ती रद्दीत गेल्याचे कळवले. (पहिले निदान स्पष्ट तरी बोलले.)

आपण मात्र वाद घातला नाहीत. सतरंजी अंथरलीत, मला समोर बसवलेत, एका हाताने माझे मनगट धरलेत, दुसरा हात माझ्या दंडाखालून घालून त्याने स्वतःचेच मनगट पकडलेत आणि माझा हात हळूहळू पाठीमागे वळवू लागलात. खांद्यात कळ उठणार एवढ्यात, मी तोंड उघडण्याच्या आतच, आपण पकड सोडून दिलीत आणि तो खांदा आपल्या तळव्याने चोळून दिलात. ‘हा थेझचा हुकमी डाव. हात मोडता येतो, म्हणून तर सोडता येतो,’ एवढेच आपण म्हणालात. पुढे वाचले ते सारे मला या एका वाक्यामुळे उलगडत गेले.

हंगेरीहून आलेल्या चांभार बापाने घरीच ग्रीको-रोमन (कमरेखाली न धरता लढायची) कुस्ती शिकवलेला हा थेझ 1937 मध्ये, एकविसाव्या वर्षी, अमेरिकेत सेंट लुइसला जगज्जेता ठरला. 1949 पासून 1956 पर्यंत किताब त्याच्याकडेच ठेवला गेला, त्यामागचे कारण तर मला फारच आवडले: निकाल ठरलेला असला, तरी समोरच्याने आयत्या वेळी शब्द फिरवून विजेतेपदाचा पट्टा बळकावू नये, यासाठी आयोजकांना खरोखर हातपाय मोडू शकणारा विजेता हवा असे. अशा मल्लांना त्या धंद्यात ‘हुकर’ म्हणत. म्हणजे त्या ठरवलेल्या खेळाची राखण अस्सल कुस्तीच करत होती, आणि त्या मोडक्या कानांचे उत्तरही तिथेच होते: ते खऱ्या झटापटीत रगडले गेलेले कान होते. 1957 मध्ये टोकियोत जपानी मल्ल रिकिडोझानशी तो तासभर लढला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. मुंबईत तो उतरला तेव्हा बावन्न वर्षांचा होता. शेवटची कुस्ती त्याने 1990 मध्ये जपानमध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिथल्याच मासाहिरो चोनो या मल्लाशी केली. यामुळे दारासिंगांचा विजय मला कमी वाटू लागला असे मुळीच नाही; उलट कोणाला हरवले हे आत्ता कुठे समजले.

ज्याच्या अंगात दुखापत करण्याची विद्या आहे, त्याच्या हाती आपला हात निर्धास्तपणे देता यावा, हा सज्जनपणा मी त्या दिवशी अनुभवला. मला हसणाऱ्यांच्या अंगी कोणती विद्या आहे, ते मी विचारलेले नाही.

खांदा ठीक आहे. आपण दूरध्वनीवर दोनदा विचारलेत, म्हणून मुद्दाम लिहितो. पुढच्या भेटीत तोच डाव डाव्या हातावर दाखवावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
त्या दिवशीचा शिकाऊ