सुई एकटी घेऊ नकोस: रत्नागिरीच्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय दोस्त,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे फोटो आणि कॅलिपरने घेतलेली मापं मिळाली. माळ्यावरच्या ट्रंकेतून ओ.एस. या जपानी कंपनीचं २५ एफपी हे मॉडेल विमानाचं इंजिन निघालं आणि त्याचं कंप्रेशन अजून शाबूत आहे, हे वाचून फार आनंद झाला. ०.२५ घनइंचाचं, म्हणजे साधारण चार सीसीचं हे इंजिन कंट्रोल लाइन (हातातल्या दोऱ्यांनी मॉडेल विमान उडवणं) शिकणाऱ्या मुलाच्या हातात द्यायला उत्तम. भाचा एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेला आहे म्हणतोस, तर ते त्याच्यासाठीच उभं करू. मोडली आहे ती फक्त नीडल, म्हणजे इंधन कमीजास्त करणारी सुई. तीही तार आणि मूठ जिथे जोडलेली असते त्या डागावर (सोल्डरवर). जुन्या नीडल बहुतेक तिथेच जातात, कारण इंजिनाची सगळी थरथर त्या एका सांध्यावर येते.

आता मुद्द्याचं. तू म्हणतोस तो विक्रेता ‘सगळ्या २५ ला बसते’ म्हणून नुसती सुई द्यायला तयार आहे, ती घेऊ नकोस. घ्यायची तर सुई आणि स्प्रे बार (सुई जिच्यात फिरते ती इंधनाची बारीक नळी) अशी जोडीच घे, एकाच कंपनीची, एकाच पाकिटातली. सुईचा उतार आणि बारच्या आतलं छिद्र एकमेकांसाठी कापलेलं असतं. आट्यांचंही तेच. जपानी इंजिनांचे आटे मेट्रिक, अमेरिकन इंजिनांचे इंचातले, जुन्या ब्रिटिश डिझेलचे बहुधा बीए (आट्यांचं जुनं ब्रिटिश माप). यातली एकाची सुई दुसऱ्याच्या बारमध्ये दोन फेरे सहज जाते आणि बसली असं वाटतं. तिसऱ्या फेऱ्याला ती अडते, माणूस जोर लावतो आणि पितळेचे आटे जातात. आटे टिकले तरी सुई थोडी तिरकी राहते, मग अर्धा फेरा फिरवूनही इंजिनाला फरक पडत नाही आणि त्यापुढे जरासा हात लावताच ते एकदम बंद पडतं.

जोडी निवडताना लोक सुईकडे बघतात, मी आधी बारची जाडी बघतो. तुझ्या व्हेंचुरीचं (इंजिनात हवा शिरते त्या तोंडाचं) भोक ७ मिमी आणि आडवा बार ४ मिमी. त्या भोकाचं क्षेत्रफळ होतं ३८.५ चौरस मिमी. बार मधोमध आडवा असल्यामुळे त्यातलं जवळजवळ २६.४ झाकलं जातं आणि हवेला उरतात १२ चौरस मिमी. (जाडी गुणिले व्यास असा सरळ गुणाकार केलास तर २८ येईल, पण कडेची गोलाई धरली की २६.४.) आता साडेतीन मिमीचा बार घातलास तर १५ चौरस मिमी उरतात. अर्ध्या मिलिमीटरने हवेची वाट पाव हिस्सा वाढली! इंजिन जमिनीवर जोरात फिरेल, तू खूश होशील. पण वाट रुंद झाली की हवेचा वेग उतरतो आणि टाकीतून इंधन ओढून घेणारा जोर कमी होतो. विमानाने नाक वर केलं, लूप घ्यायला लागलं, की इंधन कमी पडून इंजिन लीन होतं आणि मुलाच्या हातातल्या दोऱ्या ढिल्या पडतात. शिकाऊ हातात ते नको. तेव्हा बार ४ मिमीचाच, आणि तोही कॅलिपर लावून बघितलेला. पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट उताराची. सुईचं टोक जितकं लांब आणि निमुळतं, तितकं मिश्रण बारीक बदलता येतं. आखूड, बोथट टोकाच्या सुईला दोन खटक्यांत मिश्रण रिचचं (जास्त इंधनाचं) लीन (कमी इंधनाचं) होतं. सोनार डोळ्याला लावतात ते भिंग मिळालं तर टोकावर गोल वळ पडलाय का ते बघ. असला तर कुणीतरी ती सुई आवळून आवळून बंद केलेली आहे. मग काचेच्या तुकड्यावर बोटाने लोळव. टोक डुलताना दिसलं तर सुई वाकडी, परत कर. आणि भाच्याला पहिल्या दिवसापासून सांग की नीडल बंद करायची ती हलक्या चिमटीने, लागली की थांबायचं.

स्प्रे बारची नळी भोसरीच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेऊ का, असं विचारलं आहेस. बाहेरचा आकार तो सुरेख काढेल. पण आतलं मिलिमीटरभराचं भोक आणि सुईचे आटे अगदी एका रेषेत येणं हे खरं काम आहे, आणि एका नगासाठी कुणी तेवढा जीव लावत नाही. तयार जोडी मिळत असताना त्या वाटेला जाऊ नये.

आता बसवणं. जुन्या बारचा नट एरंडेलाने चिकटलेला असणार. पाना लावण्याआधी केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटं गरम कर, तेल सैल पडतं. एफपी मालिका बंद होऊन तिच्या जागी एलए आली त्याला कितीतरी वर्षं झाली, तेव्हा तुझ्या व्हेंचुरीचा जीव जपायला हवा. नवा बार आत सरकवण्याआधी त्याचं इंधनाचं छिद्र कुठल्या बाजूला आहे ते बघ आणि त्याच रेषेत बाहेरच्या टोकावर कानशीने बारीक खूण कर. नट आवळताना बार हमखास थोडा फिरतो आणि आत गेल्यावर छिद्र दिसत नाही, ती खूणच सांगते. एकच छिद्र असेल तर त्याचं तोंड खाली, क्रँककेसकडे हवं. येणाऱ्या हवेकडे तोंड करून बसलं तर ओढ मिळतच नाही. नट बेताने आवळ, दोन्हीकडे वायसर घालून.

मग गळती. आट्यांच्या फटीतून हवा आत घुसते आणि इंजिन एका फेरीत रिच, दुसऱ्या फेरीत लीन असं भटकायला लागतं. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सिलिकॉनच्या इंधन नळीचा छोटा तुकडा सुईवर सरकवायचा, असा की आटे जिथे बारमध्ये शिरतात ती फट तो झाकेल. त्याने हवा अडते आणि थरथरीने सुई आपोआप फिरत नाही. बार व्हेंचुरीत बसवण्याआधी त्याच्या तोंडाला सिरिंज लाव, सुई थोडी उघडी ठेव, बारचं इंधनाचं छिद्र बोटाने दाब, वाटीभर पाण्यात बुडव आणि हवा ढकल. आट्यांशी बुडबुडे आले तर तुकडा घट्ट बसलेला नाही. तोंडाने फुंकू नकोस. मिथेनॉल विषारी असतं आणि जुन्या नळीत त्याचा अंश राहिलेला असतो. नंतर पाणी नीट काढून टाक.

सुरुवातीला नीडल दोन ते अडीच फेरे उघडी ठेव. इंजिन भडभडत, ओलं चालेल, चालू दे. मग मागे उभा राहून इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाब. वेग वाढला तर मिश्रण रिच आहे, बंद करायला वाव आहे. दाबताक्षणी मरगळलं तर आधीच लीन आहे, लगेच उघड. या जुन्या इंजिनाला बॉल बेअरिंग नाही, बुश आहे, त्यामुळे थोडं रिच चालवलेलंच बरं आणि इंधनात एरंडेल भरपूर हवं. मिथेनॉल ८०, एरंडेल २० हे प्रमाण मी वर्षानुवर्षं वापरतो. सुईपर्यंत हात नेहमी मागून न्यायचा, पंख्यावरून कधीच नाही, हे भाच्याकडून वदवून घे.

एक सांगायचं राहिलं. मी इथे चालवून फेरे मोजून कळवले तरी ते तुझ्याकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथली हवा तुमच्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ. इथे बरोबर लागलेलं इंजिन रत्नागिरीच्या दाट हवेत लीन होईल, म्हणजे तिथे नीडल जराशी जास्त उघडावी लागेल.

पावसामुळे आमचं उडवणं बंदच आहे, टेबलावरची कामं चालू आहेत. बोहरी आळीत जाऊन वायसर मी घेऊन ठेवतो. तू फक्त व्हेंचुरीची बाहेरची रुंदी, दोन्ही नटांच्या मधली, मोजून कळव. बारची लांबी त्यावरच ठरेल आणि मग मी जोडी मागवतो.

वहिनींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. कळावे,

तुझाच,
नाना