बाबांचा पूर्वपक्ष

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "या वयात तत्त्वज्ञान शिकून करणार काय तू?" मी "आवड म्हणून गं" असं म्हणून विषय बदलला. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

वयाचं म्हणशील तर ॲरिस्टॉटल माझ्या बाजूने आहे. नीती आणि राजकारण या विषयांवरच्या व्याख्यानाला तरुण माणूस योग्य श्रोता नाही, असं तो म्हणतो. कारण ज्या अनुभवांवर ही चर्चा चालते ते त्याच्या गाठीशी नसतात. हे वाचलं तेव्हा ४६व्या वर्षी वर्गात बसायचा माझा संकोच बराच कमी झाला.

अवघड जातं ते वाचणं. ऑफिसात मेलवर नजर टाकायची, मुद्दा उचलायचा आणि पुढे जायचं, ही सवय इथे कामाची नाही. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं मेणाचं उदाहरण जेमतेम दोन पानांचं आहे. पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण, त्याला अजून मधाची चव आहे, फुलांचा वास आहे, बोटाने ठोकलं तर आवाज येतो. विस्तवाजवळ नेलं की चव, वास, रंग, आकार सगळं जातं, तरी आपण म्हणतो मेण तेच. मग 'तेच' म्हणजे नक्की काय? ती दोन पानं मी तीन रात्री वाचत होते. तिसऱ्या रात्री एक मेणबत्ती वाटीत वितळवली आणि बघत बसले. खरंच सांगते, इतकं लक्ष देऊन मी कितीतरी वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

पण हे पत्र खरं तर बाबांसाठी आहे.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कावरच्या आपल्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद. जिंकायचंच म्हणून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं, ती वितंडा. बाबा, गेल्या वर्षी तुम्ही दोघांनी माझ्याकडे राहायला यावं म्हणून मी जे बोलले, ते आठवलं. तुमचे गुडघे, तो जिना, रात्री-अपरात्री डॉक्टर कोण आणणार. तुमचं एकेक वाक्य मी खोडून काढलं. शेवटी तुम्ही गप्प बसलात आणि मला वाटलं, पटलं यांना. तो निव्वळ जल्प होता.

त्यानंतर काही महिन्यांनी माझा एक निबंध परत आला. समासात सरांनी लिहिलं होतं, "हा पूर्वपक्ष त्या पक्षाच्या माणसाला मान्य होईल का?" आपल्या जुन्या ग्रंथकारांची रीतच अशी, की आधी विरोधी मत, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायचं आणि मगच आपलं. ते मत लंगडं मांडलं, तर पुढच्या खंडनाला काही अर्थ राहत नाही. निबंध मी पुन्हा लिहिला. मग त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तुमचा पूर्वपक्ष लिहिला. तो असा:

"या घरात अंधारातही हात बरोबर बटणावर जातो. लेकीच्या घरी, ती कितीही प्रेमाने ठेवो, माणूस विचारून उठतो, विचारून बसतो. पडण्याची भीती खरी आहे. पण ती टाळण्यासाठी रोजची मोकळीक सोडायची की नाही, हे ज्याला पडायचं आहे त्याने ठरवावं. आणि काळजी मुलीला वाटते. ती कमी करण्यासाठी आम्ही घर सोडावं, हे तिने आमच्या भल्याचं म्हणून सांगू नये."

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. तुम्ही ते कधी बोलला नाहीत, पण तुमच्या मनात असावं असं वाटतं.

१६४३ साली बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने देकार्तला पत्र लिहून विचारलं, मन जर जागाच व्यापत नाही तर ते शरीराला हलवतं कसं? त्याच्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही, तिने तसं स्पष्ट कळवलं, आणि त्यांची पत्रं पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. तुम्हीही मला तसंच स्पष्ट कळवा. वहीतल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. चुकलं असेल ते खोडा, सुटलं असेल ते समासात लिहा. समास मुद्दाम रुंद सोडलाय. आई, तुझं म्हणणं बाबांपेक्षा वेगळं असेल तर मागची बाजू कोरी आहे.

माझं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. तुमचं पान परत आल्यावर लिहीन.

तुमची,
लेक